पायाचा अंगठा मोडला अन् पोराचा सूर बिघडला

पांदणवाट
१६ मे, रात्री ९:५०

मंडळी, रामराम. मी आर्वीकडचा. कपाशी, तूर, थोडा संत्रा. एरवी इथं बोंडअळीच्या नाही तर पावसाच्या धाग्यावर लिहितो, आज घरचा विषय घेऊन आलोय, भाच्याच्या विहिरीतल्या सुराचा, म्हणजे डोकं खाली घालून मारायच्या उडीचा.

माझा भाचा १४ वर्षांचा आहे. मागच्या हंगामात वेचणीच्या दिवसांत ट्रॉलीचा फाळका त्याच्या उजव्या पायावर आदळला आणि अंगठ्याचं हाड मोडलं. तालुक्याला नेलं, पट्टी बांधली, सहा आठवडे पाय टेकू दिला नाही. हाड जुळलं. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, झालं, आता काही काळजी नाही. पोरगं चालतं, सायकलवर शाळेत जातं, बैलांमागं पळतं. आम्हीही विसरून गेलो.

आमच्या शिवारात जुनी दगडी विहीर आहे, आत उतरायला पायऱ्या. मोट कधीच गेली, पण थारोळ्याचा, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं तिथला, दगड अजून तसाच पुढं आलेला आहे. उन्हाळ्यात गावातले सगळे पोट्टे त्याच दगडावरून उड्या मारतात. आज दगडापासून पाणी वीसेक फूट खाली असेल, आणि खाली चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढं, पाणी आहे, कपारी नाहीत. मी स्वतः तिथंच पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. मागच्या वर्षी भाचा त्या दगडावरून असा सूर मारायचा की फक्त डुबुक असा आवाज यायचा, पाणी उडायचंच नाही. वरून बघणारे म्हातारेसुद्धा मान हलवायचे.

यंदा पहिल्याच दिवशी तो भिंतीच्या फार जवळ पडला. अंग उजवीकडं वळलेलं, पाय मागं फाकलेले. दुसऱ्यांदा तर पाठीवर सपकन पाणी लागलं, लाल वळ उठला. मी सूर बंद करायला लावला. संध्याकाळी ओट्यावर बसून विचारलं तर म्हणतो, "मामा, दगड सोडतानी अंगठ्याले समजतच नाही, कवा सोडाचं ते."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर बसून नुसते पाय पाहिले पोट्ट्यांचे. पाण्यातून वर येऊन पोरं दगडावर उभी राहतात, तेव्हा ओल्या पावलांचे ठसे उमटतात. भाच्याच्या डाव्या पायाचे पाच ठिपके स्वच्छ. उजव्या पायाचे चारच. अंगठ्याच्या जागी नुसता दगड कोरडा.

सूर तर हाताचा आणि डोक्याचा खेळ, असं मी आजवर समजत होतो. पायाच्या अंगठ्याचं त्यात एवढं काय काम असतं? आणि ते परत येऊ शकतं का? कोणाला माहीत असेल तर मोकळेपणानं लिहा.

बेंबळाकाठ
१६ मे, रात्री १०:१५

भाऊ, आधी एक सांगतो, बाकी जाणकार लिहितीलच. पोराचा सूर बंद ठेवला ते फार चांगलं केलं. डोकं खाली घालून चुकीच्या जागी पडलं की मानेचे मणके जातात. आमच्या गावात एक तरणाताठा पोरगा नदीच्या डोहात असाच पडला. वाळूने डोह भरत आलेला होता, ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. आज तो खाटेवर आहे, मानेखाली काही हलत नाही. ज्या विहिरीत आपण वर्षानुवर्षं उड्या मारल्या तिचंही पाणी दर उन्हाळ्यात मोजून पाहावं, दोराला दगड बांधून. आणि कोणी पडलंच, मानेला लागल्याची शंका आली, तर त्याला ओढाताण करून उठवू नये. मान सरळ धरून, फळीवर घेऊन काढावं.

पायतळ
१७ मे, सकाळी ७:०५

मी अमरावतीला फिजिओथेरपिस्ट आहे. ओल्या ठशाचं वाचून थांबले. दादा, तुम्ही जे पाहिलंत ते आम्ही दवाखान्यात शाई लावून बघतो.

अंगठ्यात दोनच हाडं असतात, बाकी चार बोटांत तीन-तीन. म्हणजे एका पायाच्या बोटांचीच १४ हाडं, आणि अख्ख्या पावलात २६. त्यात आणखी दोन चिमुकली हाडं धरली जात नाहीत. ती अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली, स्नायूच्या दोरीतच बसलेली असतात. त्यांचं शास्त्रीय नाव तिळावरून पडलंय, आकार मात्र हरभऱ्याएवढा. मोटेचा नाडा ज्या चाकावरून जायचा त्या चाकाचं काम ही दोन हाडं करतात. अंगठा खाली दाबणारी दोरी त्यांच्या आधाराने सरकते आणि शरीराचा भारही त्यांच्यावर येतो.

आता खरी गंमत. तळव्याखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पाऊल उचलताना टाच वर जाते आणि बोटं मागे राहतात, म्हणजे मुळाशी वर वळतात. तेव्हा हा पट्टा चवड्याभोवती गुंडाळला जातो आणि ताणतो. टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात, कमान वर उठते, आणि एरवी मऊ, लवचिक असलेलं पाऊल काठीसारखं ताठ होतं. त्या ताठ पावलावरून आपण जमीन मागे ढकलतो. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये हे नीट मांडलं. या रचनेला जे नाव दिलं त्याचा अर्थ आपल्या भाषेत सरळ रहाट. दोर गुंडाळला की घागर वर येते, तशी ही कमान वर येते. आणि या रहाटाची मूठ म्हणजे अंगठा. बाकीची बोटंही ओढतात, पण सगळ्यांत जास्त ओढ अंगठ्याची.

आत्ता उभे राहा आणि घरातल्या कोणाला तरी तुमचा पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. तळव्याची कमान डोळ्यांदेखत वर येईल. आता भाच्याचा उजवा अंगठा तसाच उचलून पाहा. माझा अंदाज आहे की तो थोडाच वर येईल आणि अडकेल. चालताना अंगठा मुळाशी साधारण ६० अंशांपर्यंत वळावा लागतो. सहा आठवडे बांधून ठेवल्यावर हाड जुळतं, पण सांधा आखडतो. मग माणूस नकळत अंगठा टाळतो आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवरून पुढे जातो. चालताना कोणाला दिसत नाही. उडीत दिसतं, कारण उडीत लपवायला वेळच नसतो. डावा पाय पूर्ण जोर लावतो, उजवा अर्धा. अंग उजवीकडे वळणारच.

आणि "अंगठ्याले समजत नाही" हे पोरगं अगदी बरोबर बोललंय. बोटांच्या कातडीत आणि सांध्यांत दाब-ताण ओळखणारी संवेदना असते. भार कुठे आहे, कडा कुठे संपते, कधी सुटायचं, हे मेंदूला तिथून कळतं. दुखऱ्या बोटावर महिनोन्महिने भार दिला नाही की ती ओळख बोथट होते. ती परत शिकवावी लागते.

आधी हाडाच्या डॉक्टरांकडून एकदा पक्कं करून घ्या की जोर द्यायला हरकत नाही. मग हे सुरू करा. जमिनीवर वाटीभर चिंचोके पसरायचे आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचे. जुना दुपट्टा फरशीवर पसरून बोटांनी गोळा करत ओढायचा. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश उचलायच्या, वर थांबायचं, सावकाश उतरायचं, आणि उजवा अंगठा जमिनीला दाबलेला हवा. मग सगळ्यांत अवघड: चार बोटं खाली ठेवून एकटा अंगठा वर, नंतर अंगठा खाली ठेवून चार बोटं वर. पहिल्या आठवड्यात अंगठा ऐकणार नाही. पोराला चिडू देऊ नका. सूज आली किंवा आत टोचल्यासारखं दुखलं तर थांबा आणि दाखवा.

जुनी फळी
१७ मे, दुपारी २:३०

फिजिओताईंनी पायाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. नागपूरला शिकताना काही वर्षं स्प्रिंगबोर्डवर, म्हणजे पाण्यावर पुढे आलेल्या लवणाऱ्या फळीवर, डायव्हिंग केलं, विद्यापीठाकडून खेळलो. मूळचा मी काटोलचा आणि पहिला सूर विहिरीतच मारला.

सूर हा हाताचा आणि डोक्याचा खेळ असतो, हे आम्हीही समजत होतो. पहिल्याच महिन्यात प्रशिक्षकांनी सांगितलं की डाइव्ह हवेत होत नाही, फळीवर होते. एकदा फळी सुटली की शरीराला नवी फिरक मिळत नाही. निघताना जेवढी घेतली तेवढीच हवेत. अंग आवळून गोळा केलं तर ते वेगाने फिरतं, ताणलं तर हळू. पण घेतलेली एकूण फिरक वाढवता येत नाही आणि टाकून देता येत नाही. शरीराचा मध्य कोणत्या वाटेने खाली येणार तेही फळी सोडतानाच ठरलेलं असतं. आणि फळीला शेवटचा स्पर्श कशाचा होतो? बोटांचा. टाच आधीच वर गेलेली, चवडा उचलत आलेला, फक्त बोटं उरलेली. त्या एवढ्याशा वेळात एक बोट उशिरा सुटलं की खाली पाण्यात दोन हातांचा फरक पडतो.

पांदणवाट भाऊ, तुमच्या दगडावरून वीस फुटांची उडी म्हणजे एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ, आणि पाण्याला लागताना वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास. १० मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून तो ताशी ५० होतो. एवढ्या वेळात चूक सुधारायला जागा नसते, म्हणून सगळं वरच बरोबर व्हावं लागतं.

उभ्याने पुढे सूर मारताना आम्ही बोटं कडेवर वळवून धरायचो, तुमचे पोट्टे दगडावर धरतात तशीच. पाठमोऱ्या डाइव्हला तर आणखी कठीण. पाठ पाण्याकडे, फक्त चवडे आणि बोटं फळीच्या टोकावर, टाचा अधांतरी. तिथं उभं राहिल्यावर पोटऱ्या थरथरतात आणि बोटं फळीचा खरखरीतपणा मोजत असतात. माझ्या दोन्ही अंगठ्यांखाली त्या वर्षांत जे घट्टे पडले ते अजून पुरते गेले नाहीत.

फळीची लवचिकता कमी-जास्त करायला खाली एक चाक असतं, ते डायव्हर पायानेच फिरवतो. प्रत्येकाचं माप वेगळं. चाक थोडं मागे घेतलं की फळी जास्त लवते आणि उसळायला जास्त वेळ घेते. त्या लयीत पाय बसला पाहिजे. धावत येऊन टोकावर दोन्ही पाय एकदम पडतात, फळी खाली जाते, वर येताना ती आपल्याला देते. आपण घाई केली तर ती दिलेलं परत घेते. हे शिकायला मला अख्खा पावसाळा लागला होता.

हवेत गेल्यावर बोटांचं दुसरं काम सुरू होतं. गुण ० ते १० मध्ये देतात, आणि पाय जुळलेले, बोटं टोकदार ताणलेली हवीत हे पंच बघतातच. हे नुसतं दिसायला नाही. बोटं ताणली की पोटरी, गुडघा, मांडी सगळं एका रेषेत आवळलं जातं. बोटं सैल सोडा, गुडघा आपोआप सैल होतो. हातांनी पाण्यात जे भोक पाडलं त्याच भोकातून सगळं शरीर जायला हवं, आणि सगळ्यांत शेवटी जातात ती पायाची बोटं. पाऊल सपाट राहिलं तर शेवटी तेच पाण्यावर थापटतं आणि पाणी वर उडतं. तुमच्या भाच्याचा मागच्या वर्षीचा "डुबुक" म्हणजे त्याची बोटं ताणलेली होती.

त्याला एक व्हिडिओ दाखवा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चीनच्या छुआन होंगछानने १० मीटर प्लॅटफॉर्मवर ४६६.२० गुण घेऊन सुवर्ण मिळवलं. तेव्हा ती १४ वर्षांची होती, भाच्याएवढीच. वेग कमी करून फक्त तिची पावलं बघायला सांगा, निघतानाची आणि पाण्यात जातानाची.

आणि भिंतीच्या जवळ पडला हे वाचून मला धडकी भरली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लूगॅनिससारख्या दिग्गज डायव्हरचं डोकं स्प्रिंगबोर्डला लागलं होतं. तो फळीपासून पुरेसा दूर गेला नव्हता. टाके घालून परत आला आणि सुवर्ण जिंकलं. पण तिथं खाली फळी होती, तुमच्याकडे दगडी भिंत आहे. तेव्हा बेंबळाकाठ म्हणतात ते शंभर टक्के. अंगठा तयार होईपर्यंत डोकं खाली नको.

कवेलू
१७ मे, रात्री ८:२०

विज्ञान शिकवतो, जिल्हा परिषद शाळेत. आमच्या शाळेच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, रोज माकडं येतात, त्या काळ्या तोंडाच्या लांब शेपटीच्या वानरांचा कळप. मुलांना मी त्यांचे पाय बघायला सांगतो. वानराच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला असतो, त्याने ते फांदी धरतं. आपला अंगठा सरळ पुढे, बाकी बोटांच्या रांगेत आला. फांदी धरायचं गेलं, जमीन ढकलायचं आलं.

हे केव्हा झालं त्याचा एक पुरावा ठशांतच मिळतो. टांझानियातल्या लेटोली इथं ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं सापडली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. पुरातत्त्व संशोधक मेरी लीकी यांच्या पथकाने १९७८ मध्ये ती रांग उघडी केली. त्यांत अंगठा बऱ्यापैकी सरळ पुढे दिसतो. मेंदू मोठा व्हायच्या कितीतरी आधी पाऊल दोन पायांवर चालायला लागलेलं होतं. पांदणवाट भाऊंनी थारोळ्याच्या दगडावर ओले ठसे वाचले ते मला फार आवडलं, शाळा उघडली की वर्गात सांगणार आहे.

हिशोबवही
१७ मे, रात्री ९:०५

बोटांचं एवढं मला पटत नाही, स्पष्टच लिहितो. माझ्या काकांची साखरेमुळे दोन बोटं काढली, मधली. दोन महिन्यांत ते शेतात जायला लागले. बाजारात जातात, बसमध्ये चढतात. माणूस बोटांशिवाय आरामात चालतो. पोराला भीती बसली असेल, बाकी काही नाही.

पायतळ
१७ मे, रात्री ९:४०

भीतीचा भाग असू शकतो, ते मान्य. काका चालतात हेही खरं. मधलं एखादं बोट किंवा करंगळी गेली तर सपाट चालण्यात फारसा फरक पडत नाही. अंगठा गेला तरी माणूस चालतो, पण ढकलायचा जोर कमी होतो, पाऊल आखूड पडतं आणि तो भार शेजारच्या बोटांच्या मुळाशी जातो. चढण, धावणं, उडी, अंधारात तोल सावरणं, यात ते कळतं. म्हाताऱ्या माणसांत बोटांचा जोर कमी असला की पडण्याचा धोका वाढतो हेही दिसून आलंय.

काकांसाठी मात्र मनापासून सांगते. उरलेली बोटं रोज रात्री बघा. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, तळव्याला आरसा धरून. साखरेत पायाची संवेदना जाते, काटा मोडला तरी कळत नाही. त्यांना शेतात अनवाणी जाऊ देऊ नका, आणि बूट घालायच्या आधी आत हात फिरवायला सांगा.

हिशोबवही
१७ मे, रात्री १०:००

ताई, हे आम्हाला कोणी असं सांगितलं नव्हतं. ते अनवाणीच जातात. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातो.

वरोरा नाका
१८ मे, सकाळी ६:३०

संवेदनेवरून लिहावंसं वाटलं. लहानपणी आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, आनंदवनातून बरे होऊन आलेले. पायाची बोटं अगदी आखूड. कुष्ठरोगात बोटं झडतात असं आम्ही पोरं समजायचो आणि दूर पळायचो. एकदा त्यांनीच जवळ बसवून सांगितलं, "झडत नाही रे बाळा, कळत नाही म्हणून जातात." नसा बधिर झालेल्या, चुलीचा निखारा लागला तरी पत्ता नाही, जखम चिघळते, आणि आतलं हाड हळूहळू झिजत जातं. त्यांना मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळालेली होती. ती घातल्याशिवाय ते न्हाणीतसुद्धा जायचे नाहीत. रात्री कंदिलापाशी बसून दोन्ही पाय हातांनी चाचपायचे, कुठं गरम लागतं का ते. तुमच्या भाच्याचं "समजतच नाही" वाचलं अन् तो कंदील आठवला.

बांधीतली
१८ मे, दुपारी १:१५

मी साकोलीकडची. आमच्याकडे धान. रोवणीला या आणि बायांचे पाय बघा, बोटांचं काम काय ते समजून जाईल. चिखलणी झालेल्या बांधीत घोट्याच्या वर चिखल, कंबरेत वाकलेलं अंग, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी, उजवा हात रोवतो, आणि आपण मागं मागं सरकतो. डोळ्याला खालचं काही दिसत नाही. मागं दगड आहे की खड्डा ते अंगठाच आधी जाऊन बघतो. बोटं फाकवून चिखलात रोवायची, मग टाच टेकायची. टाच आधी टाकली की बाई चिखलात बसलीच समजा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोक्यावर जुड्या घेऊन चालताना पण तेच, ओला धुरा हातभर रुंद, बोटांनी धरत धरत जायचं.

पण त्याच बोटांना किती सोसावं लागतं. महिनाभर पाण्यात राहून बेचक्यांत चिखल्या होतात, कातडं पांढरं पडून सोलतं, रात्री आग आग होते. आमच्याकडे बाया करंजाचं तेल लावतात. आशाताई सांगतात, घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन बेचकं कोरडं पुसायचं, ओलं ठेवायचं नाही, आणि मलम लावायचं. मी जोडवी रोवणीच्या दिवसांत काढून ठेवते, त्यांच्याखाली चिखल अडकून बोट सुजतं. सासूबाईंना आधी आवडलं नाही. एक वर्ष त्यांचं बोट पिकलं, तेव्हापासून त्याच आठवण करून देतात.

अंबानगरी
१८ मे, रात्री ९:३०

दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरतात. सगळं अंग वर खेचायची सुरुवात तिथून. हात दमतात, ती पकड दमत नाही. आमच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथं आपले खेळ करून दाखवले होते. माझे प्रशिक्षक नव्या मुलाला दोरीला हात लावू देण्याआधी पंधरा दिवस जमिनीवरच बोटांत दोरी धरायला लावायचे. पहिले काही दिवस बेचकं सोलून निघतं. भाच्याला ही नुसती धरायची कसरत द्यायला हरकत नाही, लटकायचं नाही. अंगठ्याला ओळख लवकर येईल.

बुरूड आळीत जाऊन बघा, कामटी पायाच्या अंगठ्याखाली दाबून दोन्ही हातांनी सूप विणतात. माझे आजोबा अंबाडीचं दावं वळताना एक टोक अंगठ्याला अडकवायचे.

खो-खोवाली
१९ मे, सकाळी ७:४५

गावच्या मुलींना खो-खो शिकवते, दर्यापूरकडे. आमचाही सूर असतोच, कोरडा. पळणाऱ्याला गाठायला हवेत झेपावून हात लांबवायचा, किंवा खांबाला धरून झेप घ्यायची. पाटीवर बसलेली मुलगी चवड्यांवर बसते, मागच्या पायाची बोटं मातीत रुतवून. खो मिळाल्यावर ती उठत नाही, ढकलली जाते. ज्या मुलीची बोटं मातीवर सपाट असतात ती अर्धा पाऊल उशिरा निघते, आणि अर्ध्या पावलातच पळणारी निसटते. मी मैदानात पाणी मारून झाल्यावर मुली पळाल्या की अंगठ्यांचे खळगे बघते. खोल खळगा असेल तर जोर बरोबर लागलाय.

टोकदार बूट मात्र मी मुलींना घालू देत नाही. समोरून निमुळत्या बुटात वर्षानुवर्षं पाय कोंबला की अंगठा आत वळतो, मुळाशी गाठ येते. अनवाणी वाढलेल्या पोरींची बोटं कशी पंख्यासारखी पसरलेली असतात, ती तशीच राहू द्यावीत असं मला वाटतं. घ्यायचाच असेल तर समोरून रुंद बूट घ्यावा, महाग नसला तरी चालेल.

जुनी फळी
१९ मे, रात्री ८:१०

एक राहिलं. डोकं खाली नको म्हणालो, पण पाण्यापासून पोराला पूर्ण तोडू नका. पाण्याजवळच्या पायरीवरून, दोन-तीन फुटांवरून, पाय खाली ठेवून सरळ उडी मारू द्या. अंग उभं, हात मांड्यांना, बोटं ताणून पाण्यात. २७ मीटरवरून उड्या मारणारे हाय डायव्हरसुद्धा पायांवरच पाण्यात जातात, कारण त्या वेगाला डोकं पुढे करणं परवडत नाही. निघताना दोन्ही अंगठे एकाच वेळी पायरी सोडतात का, एवढंच त्याने बघायचं. तुम्ही समोरच्या पायरीवर पाण्यात उभे राहून त्याचे पाय बघा, चेहरा नको.

पांदणवाट
२१ जून, रात्री ९:२०

मंडळी, उशीर झाला. पेरणी आटोपली, म्हणून आज बसलो.

हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. हाड पक्कं आहे, सांधा आखडलाय, जोर द्या म्हणाले. ताईंच्या सांगण्याप्रमाणे अंगठा उचलून पाहिला होता. डावा सहज उभा राहतो, उजवा निम्म्यात अडकायचा आणि कमान हलायचीच नाही. ते पाहून बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस पोरगं असं चालत होतं आणि आम्हाला ठाऊक नाही.

चिंचोके रोज संध्याकाळी चालू आहेत. पहिल्या दिवशी डाव्या पायाने एका मिनिटात १४ उचलले, उजव्याने ३. काल उजव्याने ९. त्याची धाकटी बहीण शेजारी बसून त्याच्याबरोबर उचलते आणि दोन्ही पायांनी त्याला हरवते, त्यामुळे एकही दिवस खाडा झाला नाही. अंबानगरी भाऊंची दोरीची कसरत रोज सकाळी. एकटा अंगठा वर करणं दहा-बारा दिवस अजिबात जमलं नाही. मग एक दिवस जेवताना पाटावर बसल्या बसल्या अंगठा आपोआप उचलला गेला, आणि ते पोरगं ताट तसंच सोडून मला बोलवायला धावत आलं.

पायरीवरच्या उड्या पाऊस येईपर्यंत मारल्या. मी समोर गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून पाय बघायचो. आधी उजवा पाय नेहमी नंतर सुटायचा, अंग वळायचं. शेवटच्या चार दिवसांत दोन्ही एकदम सुटायला लागले, दर वेळी नाही, दहातले सहा-सात. अंगठ्याचा ठसा अजून फिका आहे. करंगळीच्या बाजूचा मात्र पूर्वीइतका गडद राहिला नाही, म्हणजे भार आत यायला लागलाय, ताई बरोबर ना?

विहीर आता गढूळ आहे, पाणी रोज चढतंय. दगडावरून सूर दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, आणि आधी दोराला दगड बांधून तळ मोजीन.

पायतळ
२२ जून, सकाळी ६:५०

बरोबर. आता टाच उचलायची कसरत एका पायावर सुरू करा, भिंतीला एक बोट टेकून. आणि बहिणीला म्हणावं, चिंचोके थोडे लहान निवडून दे.